मशीनच्या पाठीमागचा आरसा

केस कापून झाले की न्हावी मानेमागं आरसा धरतो ना, तसला एक गोल आरसा. मूठ अर्धी मोडलेली. सांगलीच्या गावभागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो भिंतीत खिळा ठोकून सलाइनच्या नळीच्या तुकड्यानं बांधलेला होता. त्याच्यासमोर, भिंतीपासून चार बोटांवर, मी डिझाइन केलेलं मशीन बसलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"दिवा बदलायला," लॅबच्या टेक्निशियन ताई म्हणाल्या. ट्यूबा स्टँडमध्ये लावता लावताच, मान वर न करता.

दिवा म्हणजे फोटोमीटरचा हॅलोजन. रक्तातली साखर मोजा, क्रिएटिनिन मोजा, शेवटी मोजायचा असतो तो रंग. सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यात, रिएजंट म्हणजे तपासणीचं रसायन घातलं की रंग चढतो नाहीतर उतरतो. त्यातून प्रकाश सोडायचा आणि किती अडला ते बघायचं. तो प्रकाश देणारा दिवा हजार-दोन हजार तासांत थकतो. तो काढायचं झाकण मी मशीनच्या पाठीला दिलं होतं. उष्णता मागच्या मागं जावी, काम करणाऱ्याच्या तोंडावर येऊ नये, हा हिशेब. मशीनमागं एक फूट जागा मोकळी सोडावी, असं मॅन्युअलमध्ये मीच लिहिलं होतं. खोली अकरा बाय चौदा. त्यात फ्रिज, सेंट्रिफ्यूज, पाण्याचा आरओ, यूपीएस, दोन टेबलं आणि तीन माणसं. एक फूट रिकामी जागा मागणारं मशीन तिथं कुणी ऐकून घेत नाही, भिंतीला सरकवून मोकळं होतात.

दिवा बदलणं हे खरं तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याचं काम. तो यायला दोन दिवस. "तवर पेशंटला काय सांगायचं, शुगर उद्या बगू?" म्हणून फोनवर विचारून विचारून ताई ते शिकल्या होत्या. बाजूनं डावा हात आत घालायचा, आरशात बघत स्क्रू शोधायचा. "आरशात सगळं उलटं दिसतंय. पयल्यांदा तर स्क्रू सैल करायच्या जागी घट्टच करत बसले." मग हातातलं स्टँड खाली ठेवून माझ्याकडं नीट बघत म्हणाल्या, "मशीन गुणाचं हाय सर. पण माणूसघाणं हाय. पाठ भिंतीला लावून बसतंय आन् कुणाला जवळ म्हणून येऊ देत न्हाई."

मी मूळचा सांगलीचा. वालचंद कॉलेजात मेकॅनिकल केलं आणि पुण्यात ॲनालायझर बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो. रक्ताच्या तपासण्या आपोआप करणाऱ्या मशीनच्या पोटात काय कुठं बसवायचं, हे माझं काम. हे मशीन आमच्या टीमचं लाडकं होतं, कारण त्या वर्गात त्याच्याइतकी कमी जागा व्यापणारं दुसरं आमच्याकडं नव्हतं. विक्रीची माणसं डॉक्टरांच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडून ठेवायची आणि म्हणायची, एवढ्यात मावतं. मला त्या वर्तमानपत्राचा फार अभिमान होता.

कमी जागेत मशीन बसवण्याची एक नशा असते, आणि ती कळायला थोडी भूमिती सांगावी लागेल. तासाला २०० टेस्ट करायच्या म्हणजे दर १८ सेकंदांना एक. सिरम आणि रिएजंट मिसळल्यावर बऱ्याच टेस्टना दहा मिनिटं ३७ अंशांवर ठेवावं लागतं. म्हणजे कोणत्याही क्षणी ३४ एक छोट्या चौकोनी वाट्या, क्युव्हेट, शिजत असणार. शिवाय आठ-दहा धुण्याच्या टप्प्यांत. धरा ४५. एकीपासून दुसरीपर्यंत १५ मिलिमीटर, तर ४५ वाट्यांच्या वर्तुळाचा घेर ६७५ मिलिमीटर, व्यास साडेआठ इंच. जेवणाच्या ताटाहून लहान. वेग दुप्पट करा, दर ९ सेकंदांना एक टेस्ट, की वाट्या ८० वर जातात आणि ताटाची परात होते. नुसतं वेग किती पाहिजे एवढं सांगितलं की आत ताट बसणार की परात, हे ठरूनच जातं. बाहेरून मशीन बघणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

मग येतो हात. यंत्राचा हात, ज्याला आम्ही प्रोब आर्म म्हणतो. एका खांबावर गोल फिरणारा, टोकाला सुई. सुईचं टोक एकाच कंसावर फिरतं, त्यामुळं सुईला जिथं जिथं जायचंय, म्हणजे सॅम्पलची ट्यूब, रिएजंटची बाटली, क्युव्हेट, सुई धुण्याचं कुंड, ते सगळं त्याच कंसावर यावं लागतं. सॅम्पलचं चाक, रिएजंटचं चाक, क्युव्हेटचं चाक, तीन वर्तुळं एकमेकांत किती घुसवता येतात आणि तरी तो कंस चारही ठिकाणांवरून कसा नेता येतो, यावर मी रात्री जागवल्यात. रिएजंटचं चाक क्युव्हेटच्या चाकामागं अर्धं लपवलं तेव्हा मशीन तीन इंचांनी उथळ झालं. त्या दिवशी मी टीमला मिसळ खाऊ घातली. दोन मायक्रोलिटर सिरम, म्हणजे एका थेंबाचा विसावा-पंचविसावा भाग, उचलून पावणेदोन सेकंदांत बरोब्बर त्या वाटीत सोडणारी सुई! तिची सोय बघता बघता दुसऱ्या एका हाताची सोय बघायची राहून गेली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तो दुसरा हात ताईंचा. त्यांची उंची चार फूट दहा. आमच्या संगणकावर मशीनसमोर उभा करायचा जो बाहुला होता तो पाच फूट नऊ. ज्या सॉफ्टवेअरमधून तो आला होता तिथली माणसं तेवढी असतील. क्युव्हेटच्या चाकामागं लपवलेल्या रिएजंटच्या आतल्या रांगेपर्यंत बाहुल्याचा हात आरामात जायचा. ताई त्यासाठी पाटावर उभ्या राहायच्या. देवघरातला, पितळी फुलं ठोकलेला, जुना पाट. तो ओट्याखाली कायमचा ठेवलेला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यावर बिलिरुबिनच्या रिएजंटचा डाग होता.

मी दोन तासांसाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो.

पहिल्या दिवशी ओटा मोजला. आपल्याकडं लॅबचा ओटा म्हणजे कडप्पा, आणि बाजारात कडप्पा मागितला की दोन फूट रुंदीचाच गळ्यात पडतो. स्वयंपाकघरात तोच, लॅबमध्ये तोच. आमचं मशीन २६ इंच खोल. वर्तमानपत्रावर मावत होतं, पण कडप्प्यावर दोन इंच बाहेर येत होतं. म्हणून तर ते भिंतीला टेकवलेलं! मशीनचे चारी पाय कसेबसे दगडावर होते. आम्ही एवढी गणितं केली आणि ओट्याचा दगड केवढा असतो हे कुणी विचारलं नाही. मी स्वतः त्याच गावात अशाच ओट्यावर आईला पोळ्या लाटताना बघत वाढलो.

भिंतीला टेकवल्यामुळं दुसरंही एक झालं होतं. रिएजंट २ ते ८ अंशांत ठेवायला मशीनच्या पोटात छोटा थंड कप्पा असतो. तो पेल्टिएरवर चालतो. म्हणजे वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती. गरम बाजूची हवा पंख्यानं मागं फेकायची. मागं भिंत. फेकलेली गरम हवा फिरून तोच पंखा परत ओढायचा. सांगलीचा एप्रिल तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं सांगायला नको. कप्पा अकरा-बारा अंशांवर जायचा आणि सकाळचे कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने, मर्यादेबाहेर यायचे. ताईंनी त्यावर टेबलफॅन लावला होता, भिंत आणि मशीन यांच्या फटीत वारा जाईल असा तिरका. डॉक्टर म्हणाले, "आमचा स्प्लिट एसी तुमच्या मशीनसाठीच घेतला, पेशंटला वाटतं त्यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी मला राग आला. झालं असं, की मशीनला वरून एकच मोठं झाकण. आत सुई फिरते, त्यामुळं झाकण उघडलं की सगळं थांबलं पाहिजे, असा नियम आणि तसा सेन्सर. अकराच्या सुमारास एका दवाखान्यातून अर्जंट पोटॅशियम-क्रिएटिनिन आलं. मशीनवर तेव्हा तीस-बत्तीस सॅम्पल चालू. पोटॅशियम दुसऱ्या छोट्या मशीनवर लागलं. क्रिएटिनिनसाठी ताईंनी माझ्या मशीनचं झाकण उचललं, आणि मशीन थांबलं नाही. सुई फिरतच राहिली. ताईंनी दोन सेकंद तिच्याकडं बघितलं, ती कुंडात धुवायला गेल्या क्षणी ट्यूब चाकात सरकवली आणि हात बाहेर काढला. बाजूच्या सांध्यातला गॅसचा दांडा केव्हाच मेला होता. झाकण तोलायला कोपऱ्यात लाटणं लावलं होतं. आणि सेन्सरच्या जागी, फ्रिजवर चिकटवतात तसल्या गणपतीच्या स्टिकरमागचं लोहचुंबक, म्हणजे मशीनला झाकण बंदच वाटावं.

"हे चुंबक कुणी लावलं?" मी जवळजवळ ओरडलोच. "ती सुई आहे, ताई! दुसऱ्याच्या रक्तातून आलेली सुई आहे!"

"म्हायतीय की."

"मग?"

"झाकण उगडलं की मशीन थांबतंय. थांबलं की चालू असलेल्या सगळ्या टेस्ट बाद. तीस जणांच्या. रिएजंटचे पैसे कोण देनार, तुमी का डॉक्टर?" त्या शांतपणे म्हणाल्या. "दर अठरा सेकंदाला ती धुवायला जाती. मला कळतंय त्ये. माझ्या अंगात बसलंय."

खरंच बसलं होतं. मी घड्याळ लावून बघितलं. त्यांच्या हाताला मशीनचा ताल ठाऊक होता, आणि ते बघताना मला कौतुक वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. एका माणसाला सुईच्या तालावर हात आत-बाहेर करायला शिकवणारं झाकण मी बनवलं होतं. एकदा सुई त्यांच्या ग्लोव्हच्या बोटाला टेकली होती, हे नंतर चहाच्या वेळी कळलं. कातडीला लागली नव्हती. तरी त्यांनी तपासणी करून घेतली होती, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी, स्वतःच्याच लॅबमध्ये. सांगताना हसत होत्या. मला चहा गेला नाही.

(खंडेनवमीचा किस्सा मात्र हसण्यासारखा आहे. मशीनची पूजा झाली, झेंडूचा हार चढला, हळद-कुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट नेमकं बारकोड वाचणाऱ्या काचेवर. दुसऱ्या दिवशी एकही ट्यूब वाचेना. सर्व्हिसवाल्यानं फोनवरून तासभर केबल काढायला-लावायला सांगितल्या. शेवटी डॉक्टरांच्या आईंनी येऊन पदरानं काच पुसली.)

लॅबमध्ये आणखी एक मुलगा होता, पंचविशीतला. मोटारसायकलचा अपघात, पायात सळई, एका कुबडीवर चालायचा. त्यानं उभं राहायचं तर एक हात कुबडीला गेला, आणि आमचं झाकण दोन हातांचं: एकानं उचलायचं, दुसऱ्यानं काम. बसून करावं तर ओट्याखाली गुडघे घालायला जागा पाहिजे, आणि नेमक्या त्याच जागेत आम्ही पाण्याचा कॅन आणि सांडपाण्याचा कॅन ठेवायला सांगितला होता. बाहेर कुठं ठेवला की मशीनचं क्षेत्रफळ वाढतं ना! तो तिरका बसायचा, कमरेतून वळून. महिन्याभरात पाठ धरली. मग डॉक्टरांनी त्याला खाली सॅम्पल घेण्याच्या जागी बसवलं. मशीन येत असूनही मशीनपासून लांब ठेवलेला टेक्निशियन. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, रॅम्प असावा, व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ असावं हे आपण इमारतीच्या बाबतीत म्हणायला लागलोय. ओट्यावरच्या यंत्राकडं मात्र त्या नजरेनं कुणी बघत नाही. त्या मुलाला वाटेतल्या कुठल्याच दारानं अडवलं नव्हतं. त्याला अडवलं पंचवीस लिटरच्या कॅननं.

खाली, वर असं मी म्हणतोय ते पुरामुळं. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत लॅब तळमजल्याला होती. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या लोकांना पाणी किती फुटांवर कुणाच्या उंबऱ्याला लागतं हे पाठ असतं, पण त्या वर्षी पाठ केलेलं उपयोगी पडलं नाही. आदल्या रात्री शेजारच्या पोरांनी मशीन उचलून वरच्या मजल्यावर नेलं. वजन साठ किलो, सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडं जास्त. सांगलीतल्या पोरांना ते काहीच नाही. पण पोत्याला धरायला कान असतात. मशीनला कुठं धरायचं? चहूबाजूंनी गुळगुळीत, आमच्या इंडस्ट्रियल डिझायनरला त्यासाठी पुण्यात शाबासकी मिळालेली. पोरांनी हाताला लागलं ते धरलं, म्हणजे झाकण. वाड्याचा जिना सव्वादोन फुटी आणि मधे काटकोनात वळण. वळणावर झाकणाचा सांधा तडकला. लाटण्याची सुरुवात तिथून आहे.

पाणी ओसरलं तरी मशीन वरच राहिलं. पुन्हा खाली आणायची कुणाची छाती झाली नाही, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा ते किती बरोबर होतं ते कळलं. पण गुडघे दुखणाऱ्या, डायलिसिसवरच्या पेशंटना जिना कसा चढायला लावणार? म्हणून रक्त घ्यायचं खाली चौकात, तपासायचं वर. आणि ट्यूबा वर जायच्या टोपलीतून. चौकाच्या वरच्या सज्जाला कप्पी, कप्पीवर सुती दोर, दोराला वेताची टोपली, टोपलीत थर्मोकोलचं स्टँड. खाली घंटा वाजली की वर ताईंनी ओढायची. घंटा देवळातलीच, छोटी.

प्रयोगशाळेतल्या यंत्रांचा इतिहास मला पाठ आहे, म्हणून त्या टोपलीकडं बघून हसूही आलं. लिओनार्ड स्केग्ज नावाच्या अमेरिकन माणसानं १९५० च्या दशकात पहिलं यशस्वी स्वयंचलित मशीन बनवलं, टेक्निकॉन कंपनीनं ते १९५७ मध्ये बाजारात आणलं. एकाच बारीक नळीतून एकामागून एक सॅम्पल वाहायचं आणि दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून मधे हवेचा बुडबुडा. पंप, गाळणी, गरम करायचं भांडं, रंग मोजायचं यंत्र, आलेख काढायची पेटी, सगळं टेबलावर ओळीनं, आगगाडीच्या डब्यांसारखं. लांबलचक, पण प्रत्येक डब्याला स्वतंत्र हात लावता यायचा. मग यंत्रं आक्रसत गेली आणि सगळे डबे एका खोक्यात आले. उलट जपानमधल्या कोची इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी १९८० च्या दशकात सगळी प्रयोगशाळाच पट्ट्यांनी जोडली. सॅम्पल पट्ट्यावरून स्वतः चालत एका यंत्राकडून दुसऱ्याकडं जाणार, मधे माणूस नाही. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबा त्याच वाटेनं गेल्यात. कोचीत पट्टा, सांगलीत टोपली. काम तेच, आणि टोपली बंद पडत नाही हा वरचा फायदा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मामांकडं हरिपूरला गेलो. मामांनी हळदीच्या व्यापाऱ्याकडं दिवाणजी म्हणून जन्म काढला. त्यांच्यासमोर मशीनचं गाऱ्हाणं सांगत बसलो तर म्हणाले, "मग तू पेव केलंस म्हण की."

पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. हरिपूरच्या मातीत अशी पेवं शेकड्यांनी होती. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच निकामी केली. तोंड एका माणसापुरतं, आत दोन-तीन पुरुष खोल आणि पोट सुटलेलं. भरून तोंड बंद केलं, वर माती लोटली, की त्या जागेवरून बैलगाडी जावी, पोरांनी विटीदांडू खेळावा. जागा वाचवण्यात पेवाचा हात कुणी धरणार नाही. माझ्या मशीनपेक्षा कितीतरी सरस डिझाइन. किडीला आत हवा नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. ते तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझणार. आणि तळाशी कुणाचं पोतं असेल तर वरची सगळी निघाल्याशिवाय ते हाताला लागायचं नाही.

"हळदीला काय घाई असत न्हाई," मामा म्हणाले. "भाव येईपर्यंत तिला झोपूनच ऱ्हायचं असतं. म्हणून पेव. रोज लागणारी मोहरी कुणी पेवात ठेवतंय का?"

आमच्या धंद्यात एक मोठा शब्द आहे, रँडम ॲक्सेस. म्हणजे कुठल्याही सॅम्पलची कुठलीही टेस्ट, कुठल्याही क्रमानं, केव्हाही. ॲनालायझरच्या जाहिरातीत तो पहिल्या ओळीत असतो. आमच्या सुईला तो पूर्ण मिळाला होता. ती चाकातली कुठलीही बाटली कुठल्याही क्षणी गाठत होती. ताईंना मात्र कंदील सोडून बघावं लागत होतं.

(मसाल्याच्या गोल डब्याशी रिएजंटच्या चाकाची तुलना मी पूर्वी प्रेझेंटेशनमध्ये करायचो. सात वाट्या, मधे चमचा, सगळं हाताशी. लोकांना आवडायची. आता करत नाही. मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडलं म्हणून कधी फोडणी बाद होत नाही.)

पुण्याला जाण्याआधी तासगावच्या चुलतभावाकडून बेदाण्याचे रिकामे खोके आणले. पुढच्या सुट्टीत ते कापून, चिकटपट्टी लावून, नव्या मशीनचा पूर्ण आकाराचा पुठ्ठ्याचा सांगाडा केला आणि लॅबमध्ये ओट्यावर नेऊन ठेवला. संगणकावरचा बाहुला जे कधी बोलला नव्हता ते ताई पहिल्या पाच मिनिटांत बोलल्या. एक बाजू हातानं थोपटून म्हणाल्या, "हितं काय हाय?" मी म्हटलं, काही नाही, मोकळी जागा. "मग हितंच दिवा द्या की." आणि स्केचपेननं पुठ्ठ्यावर चौकोन काढला. कुबडीवाला मुलगा खालून वर आला, खुर्ची ओढून ओट्याखाली पाय घालून बसला आणि एका हातानं खोक्याचे खण ओढून बघायला लागला. चौथा खण त्यानं ओढला तसा फाटला. "हा लई आत हाय," तो म्हणाला.

त्यातून जे निघालं ते असं. दिवा पुढच्या बाजूला, एका फळीमागं; गरम हवा वर, तिरक्या चिमणीतून, म्हणजे मशीन भिंतीला टेकलं तरी चालेल. टेकवणारच लोक. सॅम्पलसाठी वेगळा खण, सुईच्या खोलीपासून पडद्यानं तोडलेला, चालू मशीनला न थांबवता एका हातानं ओढता येणारा. रिएजंटचं चाक पुढं आणि क्युव्हेटचं मागं. तिथं माणसाचा हात रोज जात नाही. कॅन गुडघ्यांतून काढून बाजूला, चाकांच्या छोट्या गाडीत. मशीनची खोली २२ इंच, दोन फुटी कडप्प्यासाठी. तळाशी चार बाजूंना चार खोबण्या, बोटं आत जातील एवढ्या. वरचा माथा उतरता, कारण सपाट जागा दिसली की त्यावर रजिस्टर येतं, मग चहा येतो, मग देव येतो. ताईंना हे शेवटचं पटलं नाही. देव कुठं ठेवायचा मग?

रुंदी मात्र पाच इंचांनी वाढली. रिएजंटचं चाक पुढं आणल्यावर सुईचा कंस मोडला होता, तो जुळवायला दुसरा एक हात बसवावा लागला. दुसरा हात म्हणजे दुसरी मोटर, दुसरा पंप, वाढीव किंमत. मीटिंगमध्ये विक्रीच्या माणसानं वर्तमानपत्र उघडलं. मशीन त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. "आता मी काय दाखवू?" तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. चौरस इंच दाखवता येतात, हात कुठवर पोचतो ते दाखवता येत नाही. ते विकत घेतल्यावर महिन्यानं कळतं. खूप वाद झाले. किंमत कमी करायला थर्मल प्रिंटर गेला, एका खोबणीवरून भांडण झालं आणि चारांपैकी तीनच राहिल्या. चौथी अजून मनात सलते. जिन्यावर मशीन उचलायला माणसं दोन किंवा चारच असतात, तीन कधी नसतात.

नवं मशीन बसवलं तेव्हा मी स्वतः गेलो होतो. जुनं टेम्पोत चढवताना त्याच्या पाठीवर भिंतीचा चुना चौकोनी उमटलेला दिसला. ताईंनी पाट धुऊन परत देवघरात दिला होता. नव्या मशीनच्या उतरत्या माथ्यावर गणपती उभा होता, मागं इरेजरचा तुकडा लावून सरळ केलेला. मुलगा वर आला होता, खुर्चीवर बसून सकाळचे कंट्रोल लावत होता, आणि सॅम्पलचा खण फार हलका लागतो, धक्का बसून ट्यूबा हिंदकळतात, अशी तक्रार त्यानं मी पायरी चढायच्या आत केली. मी वहीत लिहून घेतली.

भिंतीवर खिळा होता, आरसा नव्हता.

तो सज्जाच्या कठड्याला बांधलेला होता. त्याच सलाइनच्या नळीनं, पण आता खाली चौकाकडं कललेला. घंटा वाजली. ताई सेंट्रिफ्यूजपाशी स्टुलावर बसून होत्या, त्यांनी नुसती नजर वळवली.

"दोन जांभळ्या, एक राखाडी," त्या म्हणाल्या. "आन् पोरगं रडाय लागलंय, लहान ट्यूब आसंल." मग उठून दोर ओढायला गेल्या.